दिवाळीच्या सुट्टीत आधी पाहा, मग वाचा

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो, दप्तर खुंटीला लागते आणि दोन दिवसांतच पालकांची विचारणा सुरू होते. "मुलांनी सुट्टीत काय वाचावे, काय पाहावे? एखादी यादी द्या ना!" यादी देणे सोपे असते. दहा पुस्तके आणि पाच चित्रपट लिहून दिले की देणाराही सुटतो आणि घेणाराही. पुष्कळ वर्षे मीही अशा याद्या दिल्या. आता देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावाबाहेरच्या माळावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला होता. चांगली काळोखी रात्र होती. शर्मिष्ठेवरून खूण सांगून मी मुलांना देवयानी दीर्घिका दाखवली. नुसत्या डोळ्यांनी ती पुसट ढगासारखी दिसते. दुर्बिणीतून पाहिली तर तो ढग जरा लांबट होतो, इतकेच. नववीतला एक मुलगा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला आणि मागे सरून म्हणाला, "एवढीच? मोबाइलवर तर केवढी छान दिसते!"

त्या वेळी मला थोडा राग आला, हे कबूल करतो. नंतर विचार केला तेव्हा वाटले, चूक त्या मुलाची नव्हती. त्याने आधी चित्र पाहिले होते आणि मग वस्तू. मोठ्या दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा पुष्कळ वेळ उघडा ठेवून, प्रकाश साठवून साठवून ते निळे-गुलाबी चित्र तयार होते. आपल्या डोळ्याला असा प्रकाश साठवता येत नाही. म्हणजे चित्रही खरे आणि पुसट ढगही खरा. पण ज्याने चित्र आधी पाहिले त्याला ढग फिका वाटणारच. उलट ज्याने तो ढग आधी पाहिला, "हे काय असेल बरे?" असा प्रश्न ज्याला पडला, त्याला पुढे वाचायला केवढे तरी आहे. हा ढग अल-सूफी या इराणी ज्योतिर्विदाने सन ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात नोंदवला. तो आपल्या आकाशगंगेतलाच एक तेजोमेघ आहे की आकाशगंगेच्या बाहेरचे स्वतंत्र विश्व आहे, यावर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वाद चालू होता. १९२३-२४ मध्ये एडविन हबल याने त्यातल्या रूपविकारी ताऱ्यांवरून अंतर काढले, तेव्हा तो मिटला. आज ते अंतर सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे मानतात. त्या माळावर मुलाच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूस अवतरलेलाही नव्हता. हे सगळे चित्र पाहून कळत नाही, आणि ढग न पाहता नुसते वाचले तर मनाला भिडत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, सुट्टीत काय पाहावे आणि काय वाचावे हे दोन प्रश्न नाहीतच. तो एकच प्रश्न आहे आणि त्यात क्रमाला महत्त्व आहे. आधी स्वतःच्या डोळ्यांनी एखादी गोष्ट पाहा, मग तिच्याविषयी वाचा आणि मग हवा तर तिच्यावरचा चित्रपट बघा. आपण बहुतेक वेळा याच्या बरोबर उलटे करतो. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर हातात पडते, आणि न पडलेल्या प्रश्नाचे उत्तर कुणाच्याही लक्षात राहत नाही.

"पण पाहायचे काय? आमच्या गावात तारांगण नाही, विज्ञान केंद्र नाही," असे पुष्कळ जण लिहितात. दिवाळीत घरोघरी जी वस्तू असते तिच्यापासूनच सुरुवात करू या. पणती पाहा. पाहा म्हणजे दहा मिनिटे तिच्यासमोर बसा. पणतीभर तेल आहे, पण ते सगळे एकदम पेट घेत नाही. जळते ते वातीच्या टोकाशीच. असे का? वात स्वतः हळूहळू काळी पडते, पण तेल असेपर्यंत भराभर जळून जात नाही. असे का? ज्योतीचा खालचा भाग निळसर, मधला पिवळाधमक आणि वातीलगतचा जरा काळपट. हे तीन भाग कशामुळे? उत्तरे मी इथे मुद्दामच देत नाही.

आता वाचायचे काय, ते सांगतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने होतात. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८२७ ते १८६० या काळात अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली कोणती, तर मेणबत्तीवरची! विद्युत्‌जनित्राचे तत्त्व शोधून काढणारा हा माणूस सुट्टीतल्या मुलांसमोर उभा राहिला तो एक मेणबत्ती घेऊन, आणि सहा व्याख्याने तिच्यावरच बोलला. ही माला त्याने आधी १८४८ मध्ये आणि नंतर १८६०-६१ मध्ये दिली. १८६१ मध्ये तिचे पुस्तक निघाले. प्रताधिकाराची मुदत केव्हाच संपल्यामुळे मूळ इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळते. भाषा दीडशे वर्षांपूर्वीची असली तरी वाक्ये बोलल्यासारखी आहेत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने शब्दकोश शेजारी ठेवून रोज चार पाने वाचली तर सुट्टीत निम्मे तरी पुस्तक होईल. तेवढे पुरे.

त्यातले काही प्रयोग घरच्या घरी होण्यासारखे आहेत. मोठे माणूस जवळ असू द्या, सैल सुती कपडे आवरून घ्या आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. वारा नसलेल्या खोलीत मेणबत्ती हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाऊ लागेल. जळती काडी वातीला न लावता, वातीपासून बोटभर उंचीवर त्या रेघेला लावा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते! म्हणजे जळते ते घन मेण नव्हे, त्याची वाफ जळते. दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. स्टीलच्या चमच्याचा मागचा भाग ज्योतीच्या पिवळ्या भागात क्षणभर धरा, काजळी धरते. आजीने काजळ धरलेले ज्यांनी पाहिले असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. पण त्या पिवळ्या उजेडाचे कारणच ही काजळी आहे, कार्बनचे तापून लखलखणारे कण आहेत, हे आजीने सांगितलेले नसते. उन्हात मेणबत्ती पेटवून पांढऱ्या कागदावर ज्योतीची सावली पाडून पाहा. ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली सर्वांत गडद पडते. तेजाची सावली! हे पाहून जो मुलगा पुस्तक उघडेल त्याला ते वाचण्यासाठी आग्रह करावा लागणार नाही.

फॅरडेचे नाव आणखी एका कारणाने घेतले. तो लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली. चौदाव्या वर्षी, १८०५ मध्ये, तो एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचू लागला. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादांचे पुस्तक होते आणि एका विश्वकोशातला विजेवरचा लेख होता. पुष्कळ मुले वाचतात. फॅरडेने वाचलेले करून पाहिले. तुटपुंज्या पगारातून सामान आणून तो ते प्रयोग पडताळून बघे. पुढे १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला मिळाली तेव्हा त्याने टिपणे काढली, ती नीट लिहून, स्वतः बांधून डेव्हीकडे पाठवली आणि १८१३ मध्ये त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. त्याला यादी कुणी दिली नव्हती. जे पुस्तक बांधायला येईल ते.

दिवाळीत आपल्याकडे दारोदारी मातीचे किल्ले होतात. अनेक कुटुंबे खरे किल्ले पाहायला कोकणात उतरतात. त्यांतला विजयदुर्ग तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे उभे राहून सूर्यावर हेलियम वायूचा शोध लावला. ही हकिकत भाषणांत, लेखांत आणि आता मोबाइलवरच्या निरोपांत वर्षानुवर्षे फिरते आहे. मीही एके काळी ती वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितली होती. नंतर वाचले आणि ओशाळलो.

१८६८ चे ग्रहण खरे. त्याचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून देशात शिरून पूर्व किनाऱ्याकडे गेला होता, हेही खरे. पण त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हता, इंग्लंडमध्ये होता. त्याची कीर्तीच मुळी ग्रहणाशिवाय केलेल्या निरीक्षणासाठी आहे. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट ग्रहण नसतानाही पाहता येईल, असे त्याच्या मनात दोन वर्षे होते. त्यासाठी मागवलेला वर्णपटदर्शक तयार व्हायला उशीर झाला. तो हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने तो वर्णपट पाहिला. इकडे ग्रहणासाठी गुंटूरला आलेल्या ज्यूल जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाला ग्रहणाच्या वेळी ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की, ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील असे त्याला वाटले आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्याही. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली! पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्याही मुद्रा असलेले पदक काढले.

त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहण पाहणाऱ्या काहींना ती सोडियमची वाटली. लॉकियरने काळजीपूर्वक मोजले तेव्हा ती सोडियमच्या रेषांशी जुळेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याच्याशी त्याने विचारविनिमय केला, आणि पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य सूर्यावर असावे या कल्पनेतून हेलियम हे नाव आले. पुष्कळांनी ते मानले नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से याला एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली तेव्हा कुठे शंका फिटली. म्हणजे हेलियमचा 'शोध' एका दिवसाचा नाही, सत्तावीस वर्षांचा आहे.

मग विजयदुर्गाची कथा निव्वळ थाप आहे का? नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. लॉकियर विजयदुर्गला आला होता; पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमीनी' या जहाजावरचे खलाशी मदतीला घेऊन त्याने तिथे मोठी निरीक्षणे केली. त्याच ग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर भागातल्या जेऊर इथे आपला तळ ठोकला होता. ते ओटे १८९८ च्या मंडळींशी जोडलेले असावेत असे मानायला जागा आहे. दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली आणि एक सोयीस्कर कथा झाली.

हे सांगितले की काही जण नाराज होतात. "आमच्या किल्ल्याचा मान कशाला हिरावता?" असे मला विचारले गेले आहे. मला उलट वाटते. १८९८ ची खरी हकिकत खोट्या कथेपेक्षा कमी मोलाची नाही, आणि नायगमवालांसारख्या आपल्या माणसाचे नाव त्या खोट्या कथेमुळेच झाकले जाते. पण मुद्दा निराळा आहे. त्या ओट्यांवर उभा राहिलेला मुलगा घरी येऊन एक साधा प्रश्न विचारू शकतो: लॉकियरचे निरीक्षण २० ऑक्टोबरचे आणि ग्रहण १८ ऑगस्टचे, मग हे जुळते कसे? दोन तारखा शेजारी ठेवण्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. किल्ला पाहिलेला असला तर या तारखा लक्षात राहतात, आणि तारखा वाचलेल्या असल्या तर किल्ल्यावरचा फलक वेगळ्या डोळ्यांनी वाचला जातो.

आता चित्रपटांविषयी. मी चित्रपटांच्या विरुद्ध नाही. कार्ल सेगन यांची १९८० ची 'कॉसमॉस' ही मालिका आजही पाहण्यासारखी आहे. तिच्यातली काही माहिती जुनी झाली आहे, पण सांगण्याची ओढ जुनी झालेली नाही. याच सेगन यांनी १९७७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची ती नाताळची व्याख्यानेही दिली होती, ग्रहांवर. आपल्याकडे दूरदर्शनने १९८९ मध्ये दाखवलेली 'भारत की छाप' ही चंदिता मुखर्जी यांची मालिका भारतातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास फुशारकी न मारता सांगते. अशा मालिका आज फार कमी होतात.

चित्रपट चांगला तो, जो डोळ्याला जमत नाही ते दाखवतो: फार सावकाश घडणारे, फार झटपट घडणारे, फार दूरचे, फार बारीक. डेव्हिड ॲटनबरो यांच्या १९९५ च्या वनस्पतींवरील मालिकेत वेली चाचपडत, हातपाय मारत आधार शोधताना दिसतात, कारण दिवसांचे चित्रण सेकंदांत आणलेले आहे. इथे मात्र माझाच क्रम मी उलटा करीन. हे आधी पाहिले तरी चालेल. पण मग परसातल्या कारल्याच्या वेलीपाशी जा, तिच्या ताणाशेजारी एक काडी रोवा आणि दर अर्ध्या तासाने ताण कुठे आहे ते कागदावर टिपा. चित्रपटात जे मिनिटभरात झाले त्याला खरे किती तास लागतात, ते तुम्हांला कळेल. प्राण्यांच्या चित्रपटांत आपल्याला शिकार दिसते; त्या शिकारीसाठी कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाने काढलेले दिवस दिसत नाहीत. वाट पाहणे चित्रपटातून कापून टाकलेले असते, आणि विज्ञानाचा मोठा भाग वाट पाहण्याचाच असतो.

मराठी पुस्तकांत माझी पसंती पाहणाऱ्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांना आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये निघाले. मराठी महिन्यांप्रमाणे एकेक लेख आहे. सबंध पुस्तक एका दमात वाचू नका, कंटाळाल. भाषा जड आहे आणि ती सावकाश चाखायची आहे. या सुट्टीत आश्विन आणि कार्तिक एवढेच वाचा आणि आपल्या गावाबाहेर एक चक्कर टाका. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही १९८२ ची छोटी कादंबरी वानरांच्या टोळीविषयी आहे. टोळीचा नर बदलल्यावर काय घडते, ते तिच्यात आहे. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० नंतरच्या वर्षांत धारवाड भागात वानरांचा जो अभ्यास केला तोही याच घडामोडींवरचा. एकाने शोधनिबंध लिहिला, दुसऱ्याने कादंबरी. दोघांनीही आधी पाहिले.

डॉ. जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' वाचायला तर कुणी सांगावेच लागत नाही. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या कथा वाचताना एक खेळ करा: यांतले विज्ञान कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, तिथे पेन्सिलीने बारीक खूण करत जा. वाचनालयाचे पुस्तक असेल तर खूण वहीत करा.

दिवाळी अंक तर घरात येतातच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली खास परंपरा आहे. जुने दिवाळी अंक रद्दीत जायच्या आधी एकदा चाळा. विज्ञानाविषयी त्यांत केलेली भाकिते शोधा. काही हसवतील, काही गप्प बसवतील.

शिक्षकांना एक विनंती आहे. सुट्टीचा 'प्रकल्प' म्हणून छापील चित्रे कापून चिकटवायला लावू नका. मुले ती दुकानातून आणतात, पालक चिकटवतात आणि आपण त्याला गुण देतो. या व्यवहारात कुणीच काही पाहत नाही. त्याऐवजी एक पान मागा. काय पाहिले, काय प्रश्न पडला, त्याविषयी कुठे काय वाचले आणि वाचलेले पाहिलेल्याशी कुठे जुळले नाही. शेवटच्या भागाला सर्वांत जास्त गुण द्या. ज्या मुलाकडे 'सगळे जुळले' त्याला पुन्हा पाहायला पाठवा. आणि आपणही एक पान लिहा. मुले ते आपल्यापेक्षा बारकाईने तपासतील, हा माझा अनुभव आहे.

देवयानी पाहायची असेल तर लक्ष्मीपूजनाच्या रात्रीवर विसंबू नका. त्या रात्री अमावास्या असते खरी, पण फटाक्यांच्या धुरात काही दिसत नाही. धनत्रयोदशीच्या आधीची एखादी रात्र धरा किंवा पाडवा-भाऊबीजेनंतर गावी गेलात तर तिथे पाहा. त्या दिवसांत चंद्रकोर लवकर मावळते. रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करा. शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे दिसतील. एमच्या दोन शिखरांपैकी जे अधिक टोकदार, त्याच्या रोखाने हात लांब करून वितीपेक्षा थोडे कमी वर जा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे तरी द्या आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच राहू द्या.